गाडी ऑइल ‘खातेय’ आणि कंपनी म्हणतेय ‘नॉर्मल आहे’? मग करायचं काय?

गाडी घेऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. पुढच्या सर्व्हिसिंगला अजून चार हजार किलोमीटर बाकी. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह लुकलुकतं. गाडी बाजूला घेऊन डिपस्टिक काढली, तर टोकाला नुसता ओलावा. गाडीखाली ऑइलचा एक थेंबही नाही. मग साडेतीन-चार लिटर ऑइल गेलं कुठे?

सर्व्हिस सेंटरला विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, “टॉप-अप करून देतो साहेब, एवढं नॉर्मल आहे.” ग्राहक टॉप-अप करून घरी येतो, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असं करत करत वॉरंटी संपते, आणि त्यानंतर तेच सर्व्हिस सेंटर सांगतं, “इंजिन खोलावं लागेल, खर्च तुमचा.”

हे टाळता येतं. त्यासाठी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. ऑइल कुठे जातं, किती गेलं तर ती तक्रार ठरते, आणि ती तक्रार कोणाकडे, कशी करायची.

ऑइल जातं तरी कुठे?

गळती दिसत नसेल, तर बहुतेक वेळा ऑइल इंजिनातच जळत असतं. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा दाब धरून ठेवतात. खालची ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली परत पाठवते. ही रिंग कार्बनने चिकटली, किंवा ऑइल परत जाण्याची बारीक छिद्रं बुजली, की ऑइल वर राहतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं.

मायलेज वाढवायचं म्हणून अलीकडच्या इंजिनांमध्ये या रिंगांचा ताण कमी ठेवला जातो. घर्षण कमी होतं, पण रचनेत कुठे चूक राहिली तर ऑइल अडवण्याची ताकदही कमी होते.

दुसरी कारणंही आहेत. व्हॉल्व्हचे सील कडक होणं, टर्बोचार्जरचा सील जाणं, किंवा इंजिनातली वाफ बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकणं. हा शेवटचा भाग त्यामानाने स्वस्त आणि बदलायला सोपा असतो. म्हणून इंजिन खोलण्याची भाषा सुरू होण्याआधी तो तपासला का, हे जरूर विचारावं.

सायलेन्सरमधून निळसर धूर येणं ही ऑइल जळण्याची खूण. काळा धूर इंधन जास्त जात असल्याचा, आणि सतत येणारा दाट पांढरा धूर कूलंट जळत असल्याचा इशारा असू शकतो. पण धूर दिसलाच पाहिजे असं नाही. थोडं थोडं जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जाताना डोळ्यांना दिसतही नाही. त्या कन्व्हर्टरचं नुकसान मात्र होत राहतं.

बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये उलटा प्रकारही होतो. धुराचा फिल्टर साफ होताना थोडं डिझेल ऑइलमध्ये मिसळतं आणि पातळी वाढते. डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या वर दिसत असेल, तर तीही तक्रारच आहे.

किती ऑइल जाणं ‘नॉर्मल’?

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं. नवं इंजिन रिंगा बसेपर्यंत, म्हणजे पहिले काही हजार किलोमीटर, जरा जास्त खातं. भांडण ‘थोडं’ म्हणजे किती यावरून होतं.

अनेक कंपन्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये ही मर्यादा छापलेली असते. कुठे १००० किलोमीटरमागे अर्धा लिटर, तर कुठे चक्क १ लिटर. सर्व्हिस सेंटर ‘नॉर्मल’ म्हणतं ते या आकड्याच्या भरवशावर.

आता साधा हिशेब करू. इंजिनात ४ लिटर ऑइल आहे आणि सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटरला. १००० किलोमीटरमागे अर्धा लिटर गेलं, तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ५ लिटर लागेल. म्हणजे इंजिनात मावतं त्याहून जास्त. १ लिटरच्या दराने तर ४,००० किलोमीटरलाच इंजिन कोरडं पडेल. छापलेली मर्यादा म्हणजे इंजिन निरोगी असल्याचा दाखला नाही. त्या आकड्याखाली कंपनी जबाबदारी घेणार नाही, एवढाच तिचा अर्थ.

लाल दिव्याची वाट पाहू नका

बऱ्याच गाड्यांमध्ये तेलाच्या किटलीचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, तो दाब दाखवतो. तो पेटला याचा अर्थ ऑइल इतकं कमी झालंय की पंपाला ते ओढताच येत नाही. त्यानंतर गाडी पुढे रेटली तर बेअरिंग घासतात आणि इंजिन जाम होऊ शकतं. दिवा पेटला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं.

आणि ऑइल कमी असताना गाडी चालवल्याचं सिद्ध झालं, तर ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ म्हणून वॉरंटी नाकारली जाते. म्हणून ऑइल खाणाऱ्या गाडीची डिपस्टिक दर रविवारी बघायची. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून मग पातळी बघायची. किती वेळ थांबायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. अनेक गाड्यांमध्ये मिन ते मॅक्समधलं अंतर साधारण १ लिटरचं असतं. मॅक्सच्या वर भरू नका, त्यानेही इंजिनाला त्रास होतो.

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना माघार घ्यावी लागली

ऑइल जास्त जळणं ही फक्त आपल्याकडची तक्रार नाही. टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाचं प्रकरण यात गाजलेलं आहे. २००७ ते २००९ च्या कॅमरीसह काही मॉडेलमध्ये हे इंजिन होतं. तक्रारी वाढत गेल्या, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी कंपनीने या इंजिनांसाठी वॉरंटी वाढवली आणि पिस्टन व रिंगा मोफत बदलून देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. मर्यादा होती १० वर्षं किंवा दीड लाख मैल, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर.

त्यासाठी गाडीला आधी चाचणीत ‘नापास’ व्हावं लागत होतं. १२०० मैलांत एक क्वार्टपेक्षा जास्त ऑइल जळलं पाहिजे, ही अट. आपल्या मापात १००० किलोमीटरमागे सुमारे ०.४९ लिटर. मॅन्युअलमध्ये दिसणाऱ्या १ लिटरच्या जवळपास निम्मं!

सुबारूविरुद्ध २०१४ मध्ये असाच सामूहिक दावा झाला. २०१६ च्या तडजोडीत कंपनीने ठराविक मॉडेलची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर इंजिनाच्या खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने २०२२ मध्ये १० कोटी २६ लाख डॉलरची भरपाई ठरवली. सुमारे ३८ हजार गाडीमालकांना प्रत्येकी २,७०० डॉलर, असा तो हिशेब होता.

या प्रकरणांमधून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कंपनीशी भांडण ‘खूप ऑइल जातंय’ या वाक्यावर जिंकता येत नाही. ते अमुक किलोमीटरला तमुक ऑइल, या आकड्यावर जिंकलं जातं.

पहिली पायरी: वही आणि जॉब कार्ड

एक साधी वही किंवा मोबाइलमधली नोंद पुरते. उदाहरणार्थ:

- ४ मार्च: ३१,२०० किमी, ऑइल बदललं, पातळी मॅक्स
- २२ मार्च: ३२,१०० किमी, ५०० मिली टॉप-अप, पातळी मॅक्स
- ११ एप्रिल: ३३,२०० किमी, ७०० मिली टॉप-अप, पातळी मॅक्स

एकूण २,००० किलोमीटरमध्ये १.२ लिटर. म्हणजे १००० किलोमीटरमागे ०.६ लिटर. प्रत्येक नोंदीबरोबर ओडोमीटर आणि डिपस्टिकचा फोटो काढा. ऑइल विकत घेतलं असेल तर बिल जपा, आणि त्यावर ऑइलचा ग्रेड लिहिलेला आहे ना ते बघा. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलं असताना कोणाच्या सल्ल्याने जाड ऑइल भरलं, तर कंपनीला आयतं कारण मिळतं.

वहीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे जॉब कार्ड. दर वेळी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्यायची, तीही आपल्या शब्दांत. ‘जनरल चेकअप’ नाही, तर ‘इंजिन ऑइल कमी होतंय, २,००० किमीत १.२ लिटर भरलं’. सर्व्हिस अॅडव्हायझर “तोंडी सांगितलंत ना, बघतो” म्हणाला, तरी सही करण्याआधी कार्ड वाचायचं. काउंटरवर नुसतं टॉप-अप करून बाहेर पडलं, तर कागदोपत्री ती तक्रार झालेलीच नसते.

दुसरी पायरी: ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागा

सर्व्हिस सेंटरला लेखी सांगायचं, की ऑइल कन्झम्प्शन टेस्ट करून द्या. साधारण पद्धत अशी. आधी गळती आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासतात. मग ऑइल आणि फिल्टर बदलून मोजून ऑइल भरतात. ड्रेन प्लग आणि डिपस्टिकवर सील किंवा रंगाची खूण करतात. किलोमीटर लिहून गाडी परत देतात. ठरलेलं अंतर, बऱ्याचदा १,००० किलोमीटर, झालं की गाडी परत न्यायची. तेव्हा उरलेलं ऑइल मोजतात.

इथे ग्राहकाने तीन गोष्टी लेखी मागायच्या: किती ऑइल भरलं, कोणत्या आकड्याला गाडी नापास धरणार, आणि शेवटी किती निघालं. चाचणीच्या काळात बाहेर कुठेही ऑइल भरायचं नाही. सील तुटलं तर चाचणी रद्द. पातळी मिनच्या खाली जाताना दिसली, तर गाडी तशीच पळवू नका. सर्व्हिस सेंटरला कळवून त्यांच्याकडूनच टॉप-अप घ्या आणि त्याची नोंद करायला लावा.

तिसरी पायरी: डीलरच्या वर, कंपनीकडे

डीलर आणि उत्पादक कंपनी या दोन वेगळ्या संस्था असतात. इंजिनाचं मोठं काम वॉरंटीत करायला डीलरला सहसा कंपनीची मंजुरी लागते. म्हणून वर्कशॉप मॅनेजरशी बोलणं झालं की कंपनीच्या कस्टमर केअरला ई-मेल पाठवायचा, डीलरला प्रत ठेवायची आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. फोनवर बोलणं झालं तरी नंतर ‘आज अमुक वाजता असं ठरलं’ असा दोन ओळींचा मेल टाकायचा.

मेल लांबलचक नको. एवढं पुरेसं आहे:

“माझी गाडी (मॉडेल, नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक) अमुक तारखेला घेतली. आजचं रनिंग ३३,२०० किमी. सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात वेळेवर झालं आहे. गेल्या २,००० किमीत १.२ लिटर इंजिन ऑइल कमी झालं. गळती नाही. या तारखांची जॉब कार्डं, फोटो आणि बिलं सोबत जोडली आहेत. गाडी वॉरंटीत आहे. कृपया कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्यामार्फत तपासणी करून कारण आणि दुरुस्ती १५ दिवसांत लेखी कळवावी.”

यात राग, धमकी किंवा सोशल मीडियाची भीती घालायची गरज नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला टॅग करून तक्रार पोस्ट करायची असेल, तर पडताळता येईल तेवढंच लिहा. ‘चोर कंपनी’ लिहिल्याने लाइक मिळतात, पण उद्या तीच पोस्ट तुमच्याविरुद्ध दाखवली जाऊ शकते.

कंपनी काय उत्तरं देते?

“मर्यादेच्या आत आहे.” मग ती मर्यादा कुठे छापली आहे त्या पानाची प्रत मागा, आणि तुमच्या गाडीच्या चाचणीचा आकडा लेखी मागा. दर वाढत असेल, तर तो वाढता आलेख दाखवा.

“ही झीज आहे, वॉरंटीत येत नाही.” ब्रेक पॅड किंवा क्लचची झीज वेगळी. पण ३० हजार किलोमीटरला पिस्टन रिंगा झिजल्या असं म्हणायचं असेल, तर त्याचं तांत्रिक कारण लेखी द्या, असा आग्रह धरता येतो.

“बाहेर सर्व्हिसिंग केलंय.” इथे मात्र ग्राहक अडचणीत येतो. एखादं सर्व्हिसिंग चुकलं असेल, किंवा बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर वॉरंटी पुस्तिका आधी स्वतः वाचावी.

विम्याच्या भरवशावरही राहू नका. नेहमीची मोटार पॉलिसी अपघात आणि चोरीसाठी असते. इंजिनातला यांत्रिक बिघाड किंवा झीज तिच्यात येत नाही.

वॉरंटी संपायला आली असेल तर?

तक्रार वॉरंटीत असतानाच लेखी नोंदवली गेली, हे दाखवता आलं पाहिजे. चाचणी अर्धवट असताना मुदत संपणार असेल, तर ‘तक्रार वॉरंटी काळातली असून त्याच आधारे निकाली काढावी’ असा मेल मुदतीआधी पाठवा. मुदत संपली असली, तरी जुनी जॉब कार्डं दाखवून ‘गुडविल’खाली खर्चातला वाटा मागता येतो. तो कंपनीच्या मर्जीवर असतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

तरीही ऐकलं नाही तर?

पहिला फोन १९१५. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. तक्रार कंपनीकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न होतो. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण बरीच प्रकरणं इथेच हलतात.

पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी सांगली किंवा नांदेडच्या ग्राहकाला दिल्लीला जावं लागत नाही. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. फी ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजली जाते. “बघू, करू” म्हणत डीलरने वर्ष काढलं, तरी घड्याळ चालूच असतं. कायद्यात निकालासाठी ३ महिने, तांत्रिक तपासणी लागली तर ५ महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो, हे गृहीत धरूनच उतरावं.

धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने ग्राहक ठरत नाही. पण स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा टॅक्सीवाला ग्राहक ठरतो. एकाच मॉडेलचे अनेक मालक असतील, तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रारही करता येते.

सुप्रीम कोर्ट काय म्हणतं?

तीन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

२००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात कोर्टाने म्हटलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याचीच हमी असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. म्हणून पहिल्याच पत्रात ‘नवी गाडी द्या’ म्हणण्यापेक्षा ‘इंजिन दुरुस्त करा’ ही मागणी जास्त टिकते.

२०१० मध्ये फियाटच्या एका गाडीच्या इंजिनाच्या आवाजाचं प्रकरण कोर्टात आलं. स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाने गाडीत मूळचा उत्पादन दोष असल्याचं सांगितलं, तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मिळतील, असा आदेश झाला. म्हणजे सगळं तज्ज्ञाच्या अहवालावर. आयोगाकडे जाताना स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज करायला विसरू नका.

२०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या टाटा मोटर्सविरुद्धच्या प्रकरणात कोर्टाने स्पष्ट केलं, की डीलरच्या चुकीला उत्पादक कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. त्यामुळे तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, आणि कोणाची काय चूक ते वेगवेगळं लिहा.

इंजिनाचं काम मंजूर झालं, पुढे?

कोणते भाग बदलले त्याची यादी आणि त्या भागांची वॉरंटी लेखी घ्या. काम झाल्यावर पुन्हा एकदा ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागा, कारण नुसत्या रिंगा बदलून दोष गेला की नाही ते चालवल्याशिवाय कळत नाही. इंजिनाचा ब्लॉकच बदलला आणि इंजिन क्रमांक वेगळा आला, तर आरटीओत आरसीवर आणि विमा पॉलिसीत तो बदल करून घ्या. नाहीतर गाडी विकताना किंवा क्लेमच्या वेळी नवंच प्रकरण उभं राहतं.

आणि ज्यांची गाडी अजून ठणठणीत आहे त्यांच्यासाठी एवढंच: या रविवारी बॉनेट उघडा, डिपस्टिक बघा, फोटो काढा आणि ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढे कधी तक्रार करायची वेळ आलीच, तर तुमच्या वहीतली पहिली ओळ तयार असेल.